डोळ्यांतले पाणी

रडू आले की डोळ्यांत पाणी येते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण आपला डोळा हसतानाही ओला असतो, हे कधी लक्षात आले आहे का?

डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर नेहमी पसरलेला असतो. त्यात खाली बुळबुळीत श्लेष्मा, मध्ये पाणी आणि वर तेल असते. हे तेल पापण्यांच्या कडांमधील बारीक ग्रंथींतून येते. त्यामुळे पाणी लवकर सुकत नाही. आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. अंगण सारवताना हात फिरवावा, तशी पापणी हा थर सारखा करते.

पाणी किंवा तेल कमी पडले, की डोळे कोरडे होतात. ते चुरचुरतात, लाल होतात. आत वाळू गेल्यासारखे वाटते. गंमत अशी, की कोरड्या डोळ्यांतून कधीकधी पाणी वाहते! जळजळ शमवण्यासाठी डोळा एकदम पुष्कळ पाणी सोडतो. पण ते डोळ्यावर टिकत नाही.

वेदगंगेकाठच्या आपल्या मुरगूड भागात ऊस पुष्कळ पिकतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडे जळतात. त्यांचा धूर, वारा आणि धूळ यांनी डोळे सुकतात. मोबाइलकडे किंवा पुस्तकाकडे टक लावून पाहतानाही पापण्या कमी मिटतात.

यावर सोपे उपाय आहेत. वाचताना दर २० मिनिटांनी दूरच्या झाडाकडे पाहा आणि पापण्या मिटा. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवा. घट्ट झालेले तेल त्याने पातळ होते. एवढ्याने बरे न वाटल्यास डॉक्टर 'कृत्रिम अश्रूं'चे थेंब देतात. त्रास फार असेल, तर अश्रू ज्या छिद्रांतून नाकात उतरतात, ती छिद्रे ते इवल्याशा बुचाने बंद करतात. मग अश्रू डोळ्यातच राहतात.

मात्र डोळ्यांत काहीही घालू नका. मध, गुलाबपाणी किंवा शेजाऱ्याचे औषध हे उपचार नव्हेत. काही थेंबांत स्टिरॉइड असते. ते डॉक्टरांना न विचारता बरेच दिवस वापरल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. घरात प्रेमाने सुरमा घालतात. पण पुष्कळ सुरम्यांत शिसे असते. ते लहान मुलांना फार अपायकारक आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'अ' जीवनसत्त्व न मिळाल्यासही डोळे कोरडे पडतात. अशा मुलाला संध्याकाळी नीट दिसत नाही. उपचार लांबले, तर दृष्टी कायमची जाते. म्हणून भारत सरकारने १९७० मध्ये लहान मुलांना या जीवनसत्त्वाचा डोस देण्याची योजना सुरू केली. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, पपई यांतून ते मिळते. तुमचे धाकटे भावंड अंधार पडताच ठेचकाळू लागले, तर त्याला रागावू नका. अम्मी-अब्बांना सांगून दवाखान्यात न्यायला लावा.

शब्दार्थ
श्लेष्मा – चिकट, बुळबुळीत द्रव
चुलवाण – उसाचा रस उकळण्याची मोठी चूल
चिपाड – रस काढलेला ऊस
अपायकारक – नुकसान करणारे

स्वाध्याय
१. अश्रूंच्या थरातील तेलाचा उपयोग काय?
२. कोरड्या डोळ्यांतूनही पाणी का वाहते?
३. डॉक्टरांना न विचारता डोळ्यांत औषध का घालू नये?