‘सरकारी नोकराला काढताच येत नाही’ म्हणे!

पूल पडला, पेपर फुटला, साहेब लाच घेताना सापडला, की चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या चर्चेपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्याचं काही होणार नाही हो, सरकारी नोकराला काढताच येत नाही.’ वाद थोडा रंगला की राज्यघटनाही त्यात ओढली जाते. कलम ३११ ने बाबूंना म्हणे जन्माचं अभय दिलंय, तेव्हा ते कलमच रद्द करा! एरवी पावती दोनदा तपासणारी माणसंही हे छातीठोकपणे सांगतात. एका पानात मावणारं हे कलम वाचायचे कष्ट मात्र कुणी घेतलेले नसतात.

आपण घेऊ. त्याच्या आधीचं कलम ३१० सांगतं की केंद्राचा नागरी सेवक राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो. म्हणजे घटनेचा मूळ नियम काढता येण्याचा आहे. ३११ त्याला दोन अटी घालतं. ज्याने नेमलं त्याच्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचं नाही, ही पहिली. आरोप काय ते कळवून, बाजू मांडायची वाजवी संधी देऊन आणि चौकशी करूनच बडतर्फ किंवा पदावनत करायचं, ही दुसरी. पूर्वी चौकशीनंतर प्रस्तावित शिक्षेबद्दलही पुन्हा म्हणणं मांडता येत असे. ती संधी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने काढून घेतली. उरली ती एवढीच सुनावणी. याला अभय म्हणायचं, तर मग चोरालाही वकील मिळतो, ते काय म्हणायचं?

शिवाय या सुनावणीलाही तीन अपवाद त्याच कलमात आहेत. फौजदारी खटल्यात शिक्षा झाली असेल तर चौकशी लागत नाही. चौकशी करणं व्यवहार्य नाही असं कारण सक्षम अधिकाऱ्याने लेखी नोंदवलं, तरी लागत नाही. आणि राज्याच्या सुरक्षिततेसाठी ती योग्य नाही अशी राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची खात्री झाली, तरीही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तुलसीराम पटेल प्रकरणात हे अपवाद उचलून धरले. मुंबई पोलिसांतले सचिन वाझे मे २०२१ मध्ये यातल्या दुसऱ्या अपवादाखाली, विभागीय चौकशीविना बडतर्फ झाले. तिसऱ्या अपवादाखाली जम्मू-काश्मीरमध्ये २०२१ पासून अनेक कर्मचारी घरी गेले आहेत. परिविक्षेवरच्या अधिकाऱ्याला तर सेवामुक्त करणं आणखी सोपं. पूजा खेडकर यांना केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये आयएएसमधून सेवामुक्त केलं, ते १९५४ च्या परिविक्षा नियमांखाली.

बरं, शिक्षा न करताही घरी पाठवता येतं. मूलभूत नियम ५६(जे) नुसार ठरावीक वय उलटलेल्या अधिकाऱ्याला लोकहितासाठी मुदतपूर्व निवृत्त करता येतं. पदानुसार ते वय ५० किंवा ५५ असतं. तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार दिला की झालं. जून २०१९ मध्ये आयकर खात्यातले १२ आणि सीमाशुल्क व अप्रत्यक्ष कर खात्यातले १५ अधिकारी असेच निवृत्त केले गेले.

मग एवढी हत्यारं हाताशी असताना काढत का नाहीत? खरं घोडं पेंड खातं ते इथे.

केंद्राच्या बहुतेक नागरी कर्मचाऱ्यांना १९६५ चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम लागू होतात. मोठ्या शिक्षेची वाट त्यातल्या नियम १४ मधून जाते. आधी दोषारोपपत्र. त्याला चार जोडपत्रं लागतात: नेमके आरोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. कर्मचाऱ्याने आरोप नाकारले की चौकशी अधिकारी नेमायचा आणि खात्याची बाजू मांडायला सादरकर्ता अधिकारी. दोघेही बहुधा आपलं रोजचं काम सांभाळून हे करणार. तोवर साक्षीदाराची बदली झालेली असते, मूळ फाइल सीबीआयने नेलेली असते आणि तिच्या प्रतीवर ‘प्रमाणित’ असा शिक्का नसतो. तारखा पडत राहतात. चौकशी सहा महिन्यांत संपवावी, अशी दुरुस्ती २०१७ मध्ये नियमात झाली खरी. पण कारण नोंदवून दर वेळी आणखी सहा महिन्यांपर्यंत मुदत वाढवायची सोयही तिच्याच पोटात आहे.

शेवटी कसाबसा अहवाल येतो, शिक्षा होते आणि प्रकरण केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये पोचतं. तिथे निघतं काय, तर अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला दिलीच नव्हती. ती द्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने करुणाकर प्रकरणात १९९३ मध्येच सांगून ठेवलंय. किंवा दोषारोपपत्राच्या मसुद्यावर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरीच नसते. बी. व्ही. गोपीनाथ प्रकरणात (२०१३) हेच झालं होतं. कारवाई सुरू करायला अर्थमंत्र्यांची मान्यता होती, दोषारोपपत्राला स्वतंत्र मान्यता नव्हती. दोषारोपपत्र रद्द झालं. यात घटनेचा काय दोष? ज्या खात्याला नियम तोंडपाठ हवेत, त्यानेच कागद कच्चे ठेवले. आणि हा कच्चेपणा दर वेळी निव्वळ गलथानपणाच असतो, यावर माझा विश्वास नाही.

दिरंगाईचा खर्चही आपणच भरतो. निलंबित केंद्रीय कर्मचाऱ्याला सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतरही प्रकरण रेंगाळलं आणि त्यात त्याचा दोष नसेल, तर तो पाऊण पगारापर्यंत वाढवता येतो. काम शून्य.

तरीही ३११ रद्द करा म्हणणाऱ्यांनी एक चित्र डोळ्यांपुढे आणावं. मंत्र्याच्या मर्जीतल्या ठेकेदाराचं बिल टेबलावर आलंय आणि कक्ष अधिकारी टिपणीत लिहितोय: ‘नियमानुसार अनुज्ञेय नाही.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची नोकरी जाऊ शकत असेल, तर ती ओळ कोण लिहील? ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत सरदार पटेलांनी सेवांना संरक्षण हवं म्हणून आग्रह धरला, तो अधिकाऱ्यांना मनातलं मोकळेपणाने सांगता यावं म्हणूनच. कलम काढलंत तर पहिला बळी हा ‘नाही’ लिहिणारा जाईल. लाच खाणाऱ्याला तेव्हाही कुणीतरी सांभाळून घेईलच.

याच पंगतीत बसणारे आणखी काही समज आहेत, ते पटापट निकालात काढू.

निलंबन ही शिक्षा नाही. ती चौकशीपुरती दूर ठेवण्याची तजवीज आहे. ‘तडकाफडकी निलंबित’ हा मथळा वाचून टाळ्या वाजवू नका. बदली तर शिक्षांच्या यादीतच नाही.

‘कोर्टातून निर्दोष सुटला म्हणजे चौकशी बाद’ हेही खोटं. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, खात्यात शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरतं. त्यामुळे सुटलेलाही नोकरी गमावू शकतो.

‘निवृत्त झाला, सुटला’ हे अर्धंच खरं. राष्ट्रपतींच्या मंजुरीने निवृत्तीनंतरही विभागीय कारवाई सुरू करून पेन्शन कापता येतं, पण घटना चार वर्षांहून जुनी असता कामा नये. ही चार वर्षं फाइल दाबून कशी काढायची, हे जाणकारांना पक्कं ठाऊक असतं.

‘सरकारच्या मंजुरीशिवाय अटकही होत नाही’ म्हणतात. लाच घेताना रंगेहाथ पकडायला मंजुरी लागत नाही. ती लागते न्यायालयात खटला चालवायला, आणि फाइलवरच्या निर्णयांचा तपास सुरू करायला २०१८ पासून पूर्वमान्यता लागते.

कॅग कुणाला शिक्षा करत नाही. तिचा अहवाल संसदेत जातो, लोकलेखा समिती सचिवांना समोर बसवून विचारते. २२ खासदारांच्या या समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे असतं.

आणि ‘मंत्री फक्त सही करतो, सापडतो बाबूच’ म्हणणाऱ्यांसाठी मुंदडा प्रकरण. एलआयसीने मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसे घातले. फिरोज गांधींनी लोकसभेत आवाज उठवला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली. सचिवाकडे बोट दाखवून अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी सुटले नाहीत. फेब्रुवारी १९५८ मध्ये त्यांना जावं लागलं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘काही होणार नाही’ म्हणण्याआधी एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका. एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव घालून चौकशीचे कागद मागितलेत, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या देशपांडे निकालाचा आधार घेऊन ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून बहुधा नकार येईल. म्हणून आकडे मागा: तुमच्या खात्यात किती विभागीय चौकश्या प्रलंबित आहेत, त्यातल्या सहा महिन्यांच्या वरच्या किती, आणि मुदतवाढीची कारणं काय नोंदवली आहेत. केंद्राच्या कार्यालयासाठी शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आलेलं उत्तर आपल्या खासदाराकडे पाठवा. संबंधित मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारायचा अधिकार त्यांच्याकडे आहे.