मानेच्या धमनीचा एमआरआय आणि एक आवंढा

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन मोठ्या धमन्या, म्हणजे कॅरोटिड, गळ्याच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. घाटीच्या वरच्या कडेच्या आसपास प्रत्येकीला दोन फाटे फुटतात: एक चेहऱ्याकडे, दुसरा मेंदूकडे. चरबीचा थर, म्हणजे प्लाक, बहुधा या फाट्याशीच साचतो. त्याचा तुकडा किंवा त्यावर धरलेली गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायूचा झटका येतो. धमनी किती अरुंद झाली आहे, हे डॉपलर सोनोग्राफीतही कळतं. एमआरआय त्याच्या पुढे जातो. प्लाकच्या आत रक्तस्राव झालाय का, चरबीवरचं तंतुमय आवरण शाबूत आहे की फाटलंय, हे त्यात दिसू शकतं.

दिसू शकतं, पण रुग्ण स्थिर असेल तर. निरोगी धमनीची भिंत जेमतेम १ मिलिमीटर जाड आणि चित्रातला एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. जागेपणी माणूस नकळत दर एक-दोन मिनिटांनी आवंढा गिळतो. त्या वेळी स्वरयंत्र सुमारे २ सेंटिमीटर वर उचललं जातं आणि शेजारच्या धमन्याही जागच्या हलतात. एकेक सिक्वेन्स, म्हणजे मोजणीची एक फेरी, मात्र कित्येक मिनिटं चालतो. त्यात 'गिळू नका' असं बजावलं की गिळण्याची इच्छा आणखीच होते.

एका क्षणाच्या हालचालीने अख्खं चित्र का बिघडावं? कारण एमआरआय कॅमेऱ्यासारखा फोटो काढत नाही. तो शरीरातून येणारे संकेत ओळीओळीने गोळा करतो आणि फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या पद्धतीने त्यांतून शेवटी चित्र उभं करतो. प्रत्येक ओळीत संपूर्ण चित्राचा अंश असतो. वरणात जास्त पडलेलं मीठ एका घासापुरतं राहत नाही, तशीच बिघडलेली ओळ सगळीकडे पसरते. भिंत पुसट होते किंवा तिच्या शेजारी खोट्या सावल्या उमटतात. अशी सावली प्लाकवर पडली तर निदानच चुकू शकतं.

या सावल्या एका ठरावीक दिशेने पसरतात आणि ती दिशा टेक्निशियनला बदलता येते. स्वरयंत्र मध्ये आणि धमन्या बाजूला, म्हणून दिशा पुढून मागे ठेवली तर स्वरयंत्राच्या सावल्या धमन्यांवर न पडता मणक्याकडे जातात. गळ्याच्या पुढच्या भागाचा संकेत आधीच दाबून टाकणारा पट्टाही लावता येतो. नाडीच्या ठोक्यांनी होणारी थरथर टाळायची तर ईसीजीशी वेळ जुळवून, हृदय शिथिल असतानाच मोजणी करतात.

मला सर्वांत पटतो तो नॅव्हिगेटरचा मार्ग, म्हणजे मोजणी चालू असताना शरीराच्या एखाद्या भागाच्या हालचालीवर नजर ठेवण्याचा. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या संशोधकांनी २००९ मध्ये जिभेच्या मागच्या भागावर अशी टेहळणी ठेवून गिळण्याची हालचाल टिपण्याची पद्धत मांडली. हालचाल कळली की त्या वेळची मोजणी बाद करून पुन्हा घेता येते. रुग्णाने गिळू नये हा हट्ट इथे नाही. तो गिळणारच, हे धरूनच आखणी केली आहे. वेळ थोडा वाढतो, पण अख्खा सिक्वेन्स पुन्हा करण्यापेक्षा ते परवडतं.

हालचाल नंतर दुरुस्त करण्याचाही मार्ग आहे. जेम्स पाइप यांनी १९९९ मध्ये मांडलेली प्रोपेलर पद्धत झालेली हालचाल मोजून चित्र तेवढंच सरकवते किंवा फिरवते. ती डोक्याच्या एमआरआयमध्ये उत्तम चालते, कारण कवटी एकसंध हलते. मान तशी हलत नाही. गिळताना घाटी वर जाते, मणके मात्र जागेवरच राहतात. त्यामुळे सगळं चित्र एकत्र सरकवून केलेली दुरुस्ती इथे अपुरी पडते. बिघडलेलं चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने स्वच्छ करण्याचे प्रयोगही चालू आहेत. त्यांचं स्वागत करावं, पण खोट्या सावलीबरोबर आवरणातली खरी चीरही पुसली जात नाही ना, हे तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

तुमची किंवा घरातल्या कुणाची अशी तपासणी ठरली असेल, तर खोकला, पाठदुखी किंवा बंद जागेची भीती असल्यास टेक्निशियनला आधीच सांगा. मानेखालची उशी टोचत असेल तर तीही बदलून घ्या. मशीनचा खडखडाट थांबतो तेव्हा सावकाश आवंढा गिळून घ्या, आवाज सुरू असताना शक्यतो टाळा. आणि मध्येच गिळलं गेलंच, तर संकोच न करता तसं सांगा. तेवढा भाग पुन्हा घेता येतो.