क्लिनिकल रिसर्चचं सर्टिफिकेशन : आधी तास, मग परीक्षा

एम.एस्सी. होत आलं की हा प्रश्न हमखास येतो : "क्लिनिकल रिसर्चमध्ये जायचंय, तर आधी सीसीआरपीची परीक्षा देऊन टाकू का?" उत्तर एका ओळीचं आहे. देता येणार नाही. नेटला बसताना पदव्युत्तर पदवी आणि टक्केवारी बघतात, आणि तोच हिशेब आपल्या डोक्यात बसलेला असतो. इथे बघतात तुम्ही प्रत्यक्ष किती काम केलंय ते.

सीसीआरपी ही सोक्रा ह्या अमेरिकी संस्थेची परीक्षा. तिची मुख्य अट अशी : मागच्या ५ वर्षांत क्लिनिकल रिसर्चमध्ये २ वर्षं पूर्णवेळ काम, किंवा अर्धवेळ असेल तर ३,५०० तास. क्लिनिकल रिसर्च ह्याच विषयातली पदवी असेल तर हे १ वर्षावर किंवा १,७५० तासांवर येतं. निम्म्यावर येतं, शून्यावर नाही! एसीआरपी ही दुसरी मोठी संस्था, तीही साधारण ३,००० तास मागते.

आता जरा गणित करू. आठवड्याला २० तास अर्धवेळ काम केलं तर ३,५०० तासांना १७५ आठवडे, म्हणजे सव्वातीन वर्षांच्या वर. आठवड्याला १० तासच मिळत असतील तर ३५० आठवडे, जवळजवळ पावणेसात वर्षं. पण अट मागच्या ५ वर्षांची आहे, त्यामुळे पुढचे तास जमेपर्यंत मागचे गळत जातात आणि तुम्ही कधीच पात्र ठरत नाही. आठवड्याला किमान साडेतेरा तास तरी हवेत.

बरं, तास कसले? माणसांवरच्या संशोधनाचे. एथिक्स कमिटीने मंजूर केलेला प्रोटोकॉल, सहभागी व्यक्तींची संमती, त्यांच्या भेटी, नोंदी, औषधाचा हिशेब, मॉनिटरने काढलेल्या शंकांची उत्तरं, ह्या कामाचे. माझी पीएच.डी. सेल लाइनवर चालते. इनक्युबेटरसमोर गेलेले माझे हजारो तास इथे धरले जाणार नाहीत. पीएच.डी. कितीही मोठी असो! ह्यात मला अन्याय वाटत नाही. पेशींकडून संमतीपत्रावर सही घ्यावी लागत नाही.

अनुभव आधी का मागतात हे एका उदाहरणावरून कळेल. आपल्याकडे २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार गंभीर प्रतिकूल घटना घडल्यापासून २४ तासांत इन्व्हेस्टिगेटरने केंद्रीय परवाना प्राधिकरण, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी ह्या तिघांना कळवायची असते. नियम पाठ करायला २ मिनिटं पुरतात. पण ट्रायलमधले आजोबा शनिवारी रात्री गावाकडच्या दवाखान्यात ॲडमिट झाले आणि तुम्हाला सोमवारी दुपारी कळलं, तर? २४ तास उलटून गेलेत. तरी रिपोर्ट द्यायचाच, आणि उशीर का झाला ह्याचं कारणही द्यायचं. हे ज्याने एकदा निस्तरलंय त्याला आयसीएच-जीसीपी वेगळं शिकवावं लागत नाही.

आता क्लासवाल्यांबद्दल. "क्लिनिकल रिसर्च सर्टिफिकेशन, ३ महिन्यांत" अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. तिथे मिळतं ते कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. सीसीआरपीशी त्याचा संबंध नाही. जीसीपी ट्रेनिंगचं प्रमाणपत्रही वेगळंच. ते काही तासांत होतं आणि ट्रायलवर रुजू होताना बहुतेक ठिकाणी लागतं. ते जरूर करा. मोठी फी भरण्याआधी मात्र एवढंच विचारा : ह्यातले किती तास प्रत्यक्ष ट्रायलवरचे आहेत?

आणि भारतात ट्रायलवर काम करायला सीसीआरपी कायद्याने लागतच नाही. त्यामुळे घाई नको. आधी एखाद्या हॉस्पिटलात स्टडी को-ऑर्डिनेटर म्हणून लागा. कुठे ट्रायल चालू आहेत हे सीटीआरआयच्या नोंदणीत शहरानुसार सापडतं, आणि ती कोणालाही बघता येते.

रुजू झालात की नेमणूक-पत्रात पद, कामाचं स्वरूप आणि आठवड्याचे तास लिहून घ्या. नुसतं "प्रोजेक्ट असिस्टंट" असं पद असेल तर त्यावरून तुम्ही लॅबमध्ये होता की वॉर्डात, हे कोणालाच कळत नाही. नोकरी सोडतानाचं अनुभव-पत्रही ह्याच तपशिलासकट मागा, आणि वरिष्ठ बदलून जायच्या आधी मागा.