आजोबांच्या कॅमेऱ्याची लेन्स



भारतातले घर आवरताना ट्रंकेतून आजोबांचा जुना लायका निघाला, तर तो भंगारात देऊ नका. आधी त्याची लेन्स तपासा, हा आम्हा हौशी मंडळींचा सल्ला.

१९३० च्या दशकातील ५० मिमी एल्मार (एफ ३.५) घ्या. तिच्यात चार भिंगे तीन गटांत असतात, म्हणजे हवेला लागून सहा पृष्ठभाग. परावर्तन रोखणारा थर झाइसच्या स्मकुला यांनी १९३५ मध्ये शोधला, पण त्याचा सर्रास वापर महायुद्धानंतरच झाला. त्यामुळे या लेन्सच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परततो. उन्हाकडे रोखून काढलेला फोटो पांढुरका येतो. साधे हूड लावले की बराच फरक पडतो.

तपासताना छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. नुसता धुरकटपणा जाणकार कारागीर बहुधा साफ करून देतो. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी मात्र काच खाते. पावसाळे काढलेल्या ट्रंकेत हा धोका मोठा. रुमालाने मुळीच घासू नका. आम्ही उत्साहाच्या भरात एक लेन्स अशीच कायमची ओरखडून ठेवली आहे!

१९३१ पासूनच्या ३९ मिमी आट्यांच्या लेन्स अडॅप्टरने आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसतात. फक्त एल्मारची नळी आत ढकलू नका, कॅमेऱ्याच्या आतल्या भागाला लागू शकते.

ज्या लेन्समधून बाबांचे बालपण टिपले, तिच्यातूनच नातवंडांचा फोटो निघाला तर आणखी काय हवे?