रोबोट बिचारा, पाणी खारं

हिवरखेड नावाची गावं वऱ्हाडात एकाहून जास्त आहेत. एक अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दुसरं अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. दोन्हीकडच्या जुन्या माणसांना पोहण्याचा तलाव साफ करणाऱ्या रोबोटबद्दल सांगितलं तर आधी हसू येईल. ते पोहायला शिकले विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधून. आणि विहीर साफ करायची म्हणजे भर उन्हाळ्यात मोटारीनं पाणी उपसायचं, दोघा-चौघांनी खाली उतरायचं आणि गाळाच्या टोपल्या दोरानं वर ओढायच्या.

तरीही निळ्या टाइलांचे तलाव आता फक्त मुंबई-पुण्याचे राहिलेले नाहीत. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा जलतरण तलाव शहराच्या जुन्या ओळखीचा. त्यात आता हमरस्त्यावरच्या रिसॉर्टांची, लग्नाच्या लॉनमागच्या छोट्या तलावांची आणि हौशी शेतघरांची भर पडली आहे. लांब दांड्याचा ब्रश घेऊन जिथे माणूस रोज सकाळी काठाकाठानं फिरायचा, तिथे कुणी कुणी रोबोट आणून सोडला, आणि तक्रारी सुरू झाल्या. भिंत चढत नाही. पाण्यावर तरंगतो. वायर पिळते. दुपारी बंद पडतो. तळ स्वच्छ दिसतो पण पाणी गढूळच. गंमत अशी, की यातल्या बऱ्याच तक्रारी यंत्राच्या नसतातच. काही पाण्याच्या असतात, काही उन्हाच्या, आणि उरलेल्या आपल्या हाताच्या.

पहिला घोळ नावातच आहे. 'रोबोट' म्हटलं की लोकांना वाटतं, त्याला कचरा दिसतो आणि तो शोधून शोधून उचलतो. बहुतेक यंत्रांना तसं काहीच दिसत नाही. आत एक जायरोस्कोप असतो, त्यानं दिशा धरायची, भिंत लागली की वळायचं आणि ठरवून दिलेल्या पद्धतीनं दोन-अडीच तास फेऱ्या मारायच्या. शेतात आंधळी कोशिंबीर न खेळता तासातासानं चालणारा बैल म्हणा हवं तर. कोपऱ्यातला पालापाचोळा एका फेरीत सुटला तर तो बिघाड नव्हे; पुढच्या फेरीत सापडेल.

दुसरा घोळ जुन्या यंत्रांमुळे झाला आहे. १९७४ साली दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए या अभियंत्यानं 'क्रीपी क्रॉली' नावाचं यंत्र काढलं. ते तलावाच्याच पंपाच्या ओढीवर चालायचं. पंप बंद की यंत्र बंद. विजेवर चालणारे रोबोट मात्र स्वतःची मोटर आणि स्वतःची गाळणी पोटात घेऊन फिरतात. अशी यंत्रं करणारी मेट्रॉनिक्स ही नावाजलेली कंपनी १९८३ साली इस्रायलमधल्या यिझ्रेल या किबुत्झमध्ये सुरू झाली. या रोबोटला तलावाच्या पंपाशी काही देणंघेणं नाही. उलट तो सफाई करत असताना पंप बंद ठेवलेला बरा. भिंतीतल्या नळ्यांतून येणारा जोराचा प्रवाह त्याला वाटेवरून ढकलतो, आणि मग मालक म्हणतो, "हा एकाच बाजूला काहून जाते बे?"

"रोबोट सोडला की पाणी निवळतं" हा समज मात्र सगळ्यात महागात पडतो. वऱ्हाडाची काळी माती चिकण आहे. तिचा सगळ्यात बारीक कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा, आणि रोबोटच्या नेहमीच्या गाळणीची भोकं पन्नास मायक्रॉनच्या घरातली किंवा त्याहून मोठी. म्हणजे लिंबाची पानं, निंबोळ्या, केस, वाळू हे सगळं अडकणार, आणि वावटळीनं आणून टाकलेली माती एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडणार. एप्रिल-मेमध्ये शेतं उघडी पडलेली असतात तेव्हा हा अनुभव हमखास येतो. सकाळी रोबोट बाहेर काढून त्याची टोपली उघडावी, तर तळाशी चमचाभर काळा लगदा, वर चार पानं, आणि तलाव मात्र ताकासारखा.

मग कुणीतरी घरचा उपाय आठवतो. पावसाळ्यात माठात तुरटी फिरवायची, त्याआधीच्या पिढीनं निवळीचं बी उगाळून घालायचं, तसंच तलावात करायचं. उपाय चुकीचा नाही. तुरटीनं कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. चूक पुढे होते. तो साका उचलायला रोबोट सोडला जातो. साका कापसाच्या बोंडासारखा मऊ असतो. ब्रश लागला की फुटून पुन्हा पाण्यात पसरतो, आणि जो आत जातो तो गाळणीच्या जाळीवर सायीसारखा बसतो. अर्ध्या तासात यंत्र दमतं. तुरटीनंतरचा साका हातानं, नळीच्या ओढीनं, हळूहळू ओढून थेट बाहेर सोडायचा असतो. थोडं पाणी वाया जातं, पण त्याला इलाज नाही.

पाणी हिरवं झालं असेल तर रोबोटचा त्याच्याशी संबंधच नाही. ते शेवाळ आहे, आणि रोबोट क्लोरिन टाकत नाही. उन्हात क्लोरिन भराभर उडतं, त्यामुळे दुपारी टाकलेलं संध्याकाळपर्यंत फारसं उरत नाही. टाकायचं तर सूर्य मावळल्यावर. भिंतीवर शेवाळाचा बुळबुळीत थर असेल तर यंत्राचे पट्टे जागच्या जागी फिरतात, आणि दोष पट्ट्यांना दिला जातो.

क्लोरिन म्हणून काय टाकलं जातं, हे इथे पाहायला हवं. ग्रामपंचायतीच्या टाकीत आणि विहिरीत टाकायची टीसीएल पावडर सगळ्यांच्या ओळखीची, स्वस्त आणि हाताशी असलेली. तीच तलावात जाते. पण ही पावडर म्हणजे निव्वळ क्लोरिन नाही. तिच्यात कामाचं क्लोरिन साधारण एक तृतीयांश; उरलेल्यात बराचसा चुना. बादलीत कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवली तर खाली पांढरा गाळ बसतो आणि वर निवळ राहते. गावातला जुना जलसुरक्षक ती निवळच टाकतो आणि गाळ फेकतो. तलावावरचा नवखा पोऱ्या मात्र मुठीनं पावडर भिरकावतो. मग तळावर पांढरी पूड साचते, रोबोट ती ओढतो, जाळी चुन्यानं लिंपली जाते, आणि विरघळलेला चुना पाण्याचा पीएच वर नेतो. पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा लागतो. तो ८ वर गेला की क्लोरिनची मारक ताकद जेमतेम पाव उरते आणि पाण्यातलं कॅल्शियम टाइलांवर, ब्रशवर, पट्ट्यांच्या दात्यांत बसू लागतं. म्हणजे जास्त पावडर टाकून पाणी कमी शुद्ध आणि यंत्र जास्त खराब. रोबोट पाण्यात असताना मूठभर पावडर टाकणं हा तर वेगळाच गुन्हा: रबर कडक होतं, वायरीचं आवरण पांढरं पडून तडकतं.

इथून गोष्ट खारपाणपट्ट्यात येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. इथलं भूजल इतकं खारं, की अकोट-तेल्हारा भागात वान धरणाचं गोडं पाणी नळानं आणावं लागलं. 'चौऱ्याऐंशी खेडी योजना' हे नाव तिथे पोरासोरांनाही ठाऊक. त्यामुळे यंत्राला काहीही झालं की एकच निदान होतं: "पाणी खारं आहे ना, तेच खाऊन राह्यलं त्याले."

हे निदान निम्मं चूक आहे. खारं पाणी आणि जड पाणी या दोन वेगळ्या गोष्टी. खारेपणा मुख्यतः सोडियमच्या क्षारांचा. जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानं एकूण विरघळलेल्या क्षारांची शेवटची मर्यादा लिटरमागे २००० मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि जडपणाची ६००. परदेशात मिठापासून जागेवरच क्लोरिन तयार करणारे तलाव असतात. त्यांत लिटरला ३००० ते ४००० मिलिग्रॅम मीठ मुद्दाम घातलेलं असतं, आणि रोबोट त्यात खुशाल फिरतात. समुद्राच्या पाण्यात हाच आकडा ३५,००० च्या आसपास असतो. म्हणजे पिऊन तोंड वाकडं होणारं बोअरचं पाणी रोबोटला खारट लागतच असेल असं नाही. मिठाचा त्रास होतो तो पाण्याबाहेर: यंत्र न धुता वाळवलं की स्क्रूच्या डोक्यावर, बेअरिंगच्या कडेला मीठ सुकतं आणि गंज धरतो. म्हणून बाहेर काढल्यावर बादलीभर गोड्या पाण्यानं धुवायचं. बोअरच्याच पाण्यानं धुतलं तर मेहनत फुकट.

पांढरा थर नक्की कशाचा, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ओल्या फडक्यानं पुसून पाहावं. गेला तर मीठ. नाही गेला तर त्यावर लिंबू पिळावं. बारीक बुडबुडे आले की चुना. ब्रश, जाळी, पट्टे असे सुटे होणारे भाग किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या फिक्या पाण्यात भिजवले की तो सुटतो. संडास धुवायचं अॅसिड वापरू नये. ते थराबरोबर रबरी सीलही खातं, आणि मोटरच्या डब्यात एकदा पाणी शिरलं की त्यावर घरगुती दुरुस्ती नाही.

आता भिंतीचं. रोबोट पालीसारखा भिंतीला चिकटतो असं वाटतं. खरं काम पाण्याच्या झोताचं आहे. पोटातला पंप खालून पाणी ओढतो आणि पाठीवरून जोरात बाहेर फेकतो. तो झोत यंत्राला भिंतीवर दाबून धरतो. गाळणी तुंबली की झोत मंदावतो, आणि यंत्र हातभर चढून घसरतं. त्यामुळे मेकॅनिकला फोन करायच्या आधी जाळी धुवावी, तीही दर फेरीनंतर. जाळी स्वच्छ असूनही घसरत असेल तर ब्रश पाहावा. सिमेंटच्या खरबरीत भिंतीवर चालणारे प्लास्टिकच्या काट्यांचे ब्रश गुळगुळीत टाइलवर पकडच घेत नाहीत. तिथे स्पंजासारखे मऊ ब्रश लागतात, आणि ते वापरण्याआधी पाण्यात भिजून नरम व्हावे लागतात. आपल्याकडे तलाव बहुतेक टाइलांचेच, तेव्हा खरेदीच्या वेळीच हे विचारलेलं बरं.

तरंगण्याचं कारण तर अगदी साधं आहे. आत हवा अडकलेली असते. यंत्र पाण्यात धरून आडवं-उलटं करायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. कळशी बुडवताना आपण हेच करतो. आणि बटन त्यानंतर. कोरड्यात 'चालते का' म्हणून फिरवून पाहण्याची सवय फार आहे. आतले सील पाण्यानंच थंड राहतात, कोरड्यात ते थोड्याच वेळात तापतात.

दुपारी बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप चालू होतो, ही तक्रार वऱ्हाडाची खास. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या घरात जातो. घरातली २३० व्होल्टची वीज उतरवून रोबोटला चोवीस-तीस व्होल्ट पुरवणारा डबा काठावर उन्हात ठेवलेला असतो. तो तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो. थंड झाला की सुरू. हा डबा सावलीत आणि काठापासून निदान साडेतीन मीटर लांब हवा. बऱ्याच यंत्रांना पाणीही ३५ अंशांपर्यंतचंच चालतं, म्हणून उन्हाळ्यात सफाई पहाटे लावावी. मध्येच वीज गेली तर काही रोबोट पुन्हा बटन दाबेपर्यंत तसेच बसून राहतात. सकाळी तळ अर्धाच साफ दिसला तर आधी रात्री वीज गेली होती का ते शेजारी विचारावं.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. रोबोट लावला की आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, पडत असेल, तर "आरसीसीबीच खराब आहे, डायरेक्ट करून टाक" हा सल्ला कुणाचाही ऐकू नये. कुठेतरी गळती आहे म्हणून ती पडते. वायर सोललेली असेल, डब्यात ओल असेल किंवा मोटरमध्ये पाणी शिरलं असेल. व्होल्ट कमी असले तरी यंत्र पाण्यात असताना कुणीही पोहायला उतरायचं नाही, असं या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेलं असतं.

"शेततळ्यात चालेल का?" हाही प्रश्न येतो. नाही. रोबोटला टणक, सपाट तळ लागतो. शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाला सुरकुत्या असतात, त्यावर वीतभर चिखल असतो. यंत्र रुतेल, कागद फाटेल.

राहिली वायर. तिला दाव्यासारखं धरून यंत्र वर ओढतात, त्यानं आतल्या तारा तुटतात. बाहेर काढायचं ते मुठीला धरून, आतलं पाणी निथळू देत. वायर पिळते कारण यंत्र वारंवार एकाच बाजूला वळतं, आणि नंतर ती कोपरावर गुंडाळून ठेवली की तो पीळ कायमचा बसतो. लागेल तेवढीच वायर पाण्यात सोडायची. पीळ पडलाच तर ती सुटी करून अंगणात सरळ पसरायची आणि दिवसभर तापू द्यायची. नरम पडली की पीळ हातानं निघतो. एवढ्या एकाच कामाला वऱ्हाडचं ऊन उपयोगी. यंत्र आणि डबा तेवढा वेळ ओसरीत.