राउटरवर व्हीपीएन सर्व्हर : शाळेच्या संगणकाकडे जाणारी सुरक्षित वाट



भोर-वेल्ह्याच्या डोंगरी शाळांत हा प्रसंग ओळखीचा आहे. माहिती आजच्या आज भरायची असते, पत्रक शाळेच्या संगणकात असतं आणि आपण घरी पोहोचलेलो असतो. मग मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक सगळं मोबाईलवर ग्रुपमध्ये फिरतं. मीही पूर्वी हेच करायचो. पण ही माहिती मुलांची आहे, पालकांनी विश्वासाने दिलेली आहे. म्हणून आज एक सुरक्षित मार्ग समजून घेऊ.

व्हीपीएन म्हणजे काय?

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. कात्रजचा बोगदा आठवा. गाडी आत शिरली की डोंगरावरच्या माणसाला ती दिसत नाही. तसाच आपला मोबाईल आणि शाळेचा राउटर यांच्यात सांकेतिक भाषेचा बोगदा तयार होतो. मधल्या माणसाला काहीतरी जातंय एवढंच कळतं, काय जातंय ते वाचता येत नाही. जाहिरातीतल्या व्हीपीएनमध्ये बोगद्याचं दुसरं तोंड कंपनीकडे असतं. इथे ते आपल्याच राउटरमध्ये असतं.

कसं करायचं?

१) आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. राउटरचा मूळ पासवर्ड बदला आणि त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा.

२) राउटरच्या सेटिंगमध्ये 'व्हीपीएन सर्व्हर' आहे का पाहा. प्रत्येक राउटरमध्ये ही सोय नसते. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन निवडा. पीपीटीपी जुनं आणि कमकुवत आहे, ते टाळा.

३) राउटरवर दिसणारा वॅन आयपी पत्ता आणि इंटरनेटवर 'माझा आयपी' शोधल्यावर दिसणारा पत्ता जुळवून पाहा. दोन्ही वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल, तर बहुधा अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता दिलेला असतो. वाड्याला एकच दार असावं तसं. अशा वेळी बाहेरून आपल्या खोलीपर्यंत थेट येता येत नाही. इंटरनेट देणाऱ्याकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागा.

४) पत्ता अधूनमधून बदलत असेल तर डीडीएनएस सुरू करा. मग पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं.

५) घर आणि शाळा दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असतील तर गोंधळ होतो. शाळेचे बदलून १९२.१६८.५० असे ठेवा.

६) सर्व्हर सुरू करा. वायरगार्डचं नेहमीचं पोर्ट ५१८२० (यूडीपी) आहे. प्रत्येक शिक्षकासाठी वेगळी किल्ली तयार करा आणि क्यूआर कोड त्यांच्या मोबाईलमधल्या ॲपने स्कॅन करा.

७) तपासताना शाळेचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर जोडून पाहा. नाहीतर बाहेरून चालतं की नाही ते कळणारच नाही.

हे लक्षात ठेवा

शाळेची वीज गेली की बोगदाही बंद. वेग शाळेच्या अपलोड स्पीडपेक्षा जास्त मिळत नाही. व्हीपीएन व्हायरस थांबवत नाही. मोबाईल हरवला किंवा शिक्षकांची बदली झाली तर त्यांची किल्ली त्याच दिवशी काढून टाका.

आपला राजगड रोज डोळ्यांसमोर आहे. गडाला दरवाजा ठेवला की पहाराही ठेवावाच लागतो. हा दरवाजा आपण उघडतोय, तेव्हा पहाराही आपलाच!