पाच-तीन-दोन : हुकूम बोलण्यापूर्वी

मंडळी, पाच-तीन-दोनचा डाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. खेळणारे तिघे, पाने ३० : एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारही रंगांची २८, शिवाय इस्पिक सत्ती आणि बदाम सत्ती. ज्याला पाच हात करायचे, त्याने पहिली पाच पाने बघून हुकूम बोलायचा. भांडण लागते ते इथेच. एका रंगाची तीन पानेही नसली, की तो वाटणाऱ्यावर ओरडतो, “पाने नीट पिसली नाहीस!”

तक्रार खरी का? मोजून पाहू. ३० पानांतून पाच उचलण्याचे एकंदर १,४२,५०६ प्रकार होतात. त्यांपैकी ९४,०८० प्रकारांत कोणत्याच रंगाची दोनांहून जास्त पाने नसतात. म्हणजे शंभर डावांत सुमारे ६६ वेळा हुकूम दोन पानांवरच बोलावा लागणार! एका रंगाची तीन पाने सुमारे ३१ वेळा, चार जेमतेम ३ वेळा, आणि पाचही हजारात एखादे वेळी. मागले चार डाव वाईट गेले म्हणून पाचवा चांगला येईल, असेही नाही. नीट पिसलेल्या पानांना मागल्या डावाशी काही कर्तव्य नसते.

उलट, खेळताना रंगावर रंग पडतो आणि पाने तशीच गोळा होतात. ती अर्धवट पिसून पाच-पाचचा गठ्ठा वाटला, तर एकाच हातात एका रंगाची रास येते. तेव्हा पिसण्याचा संशय घ्यायचा तो चार-चार पाने वरचेवर येऊ लागली तर!

आता समजा, बदामाची तीन आली. उरलेले पाच बदाम न पाहिलेल्या २५ पानांत आहेत, आणि त्या २५ मधली पाच तुम्हांला मिळायची आहेत. सरासरीने आणखी एकच बदाम येईल. शंभरांत २९ वेळा एकही नाही. किलवरची तीन असतील तर भर थोडी कमी पडते, पण सत्ती नसल्यामुळे समोरच्या दोघांकडेही किलवर कमीच राहतात. म्हणून किलवरला नाक मुरडू नये. दोनच पानांवर बोलायचे झाले, तर मात्र एक्का-राजा कुठल्या रंगाचा आहे ते आधी बघा.

गुरुजींना वर्गात पत्ते नको वाटतील. हरकत नाही. चार रंगांचे मणी घ्या, ८, ८, ७ आणि ७. पिशवीत हलवून पाच-पाच काढा, नोंद करा, परत टाका. साठ वेळा काढले, तर तीन किंवा अधिक एकरंगी मणी विसाच्या आसपास येतील. अगदी वीसच येतील असे मात्र मुलांना सांगू नका.